गोधडीखालची ठिणगी

बायकोसोबत शेवटचं साधं काम केलं ते मोटारीचं. मे महिन्यातली दुपार. कामगारांच्या कॅम्पातल्या आमच्या झोपडीसमोर मोटार उभी केली, चाकांपुढं दगड लावले, बोनेट उघडून त्यावर घरची गोधडी टाकली अन् तिले म्हटलं, "बाजूनं डोकं घाल आत."

"मी? बाप्पा! लोक पाहून राहिले."

"पाहू दे. अंधारात कुठं ठिणगी उडते का, तेवढं सांग."

"अन् गोधडी जळली तं?"

"मंग शिवजो नवीन."

हे काम मिस्त्रीचं होतं. पण गॅरेजातल्या एकाही माणसावर तेव्हा माहा भरोसा नव्हता.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा होत होता. मी भंडाऱ्याकडचा, चौथीपर्यंत शिकलेला, एका कंत्राटदाराच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर. साहेबलोकांना नंदिनीच्या चुन्याच्या खाणीत न्यायचं अन् आणायचं. रिकामी असली का गाडी नीट चाले. चार साहेब बसले अन् खाणीतून वर यायचा चढ लागला का मिसिंग मारायची. फटफट आवाज, धक्के, अन् साहेब माह्या तोंडाकडे पाहत.

दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर आमच्या बाजूच्याच झोपडीत राहायचा. मले वाटलं, हाच पेट्रोल काढून विकते अन् घासलेट भरते. त्याच्या हाताले घासलेटचा वास येई. वंगण काढाले मीही घासलेटनंच हात धूत होतो, पण ते डोक्यात आलंच नाही. एक दिवस बायकोचा लांब केस मी टाकीच्या झाकणाले गुंडाळून ठेवला. त्याची पाळी संपल्यावर पाहिलं तं केस तुटलेला. खाणीच्या रस्त्यानं माणसाचे दात हलत, तिथं केस काय टिकणार? पण मले तेवढा पुरावा पुरला. गॅरेजच्या साहेबाले सांगून आलो. साहेबानं त्याले घरी बसवलं.

मंग तीन दिवस पेट्रोल मीच भरलं, झाकणावर नजरही मीच ठेवली. चढावर मिसिंग तशीच. प्लग घासले, कार्बोरेटर उघडून कचरा काढला. तशीच. तरी मनात आलं, त्यानं जाता जाता दुसरं काही करून ठेवलं. म्हणून ही गोधडी.

मी आत बसलो. गेर टाकला, ब्रेक दाबून धरला अन् क्लच जरा जरा सोडत रेस दिली, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाले चढावरचा जोर पडावा.

गोधडीतून ती ओरडली, "निळं दिसलं! सोडा… गेलं. द्या पुन्हा… आलं, आलं!"

मंग गोधडीची कड उचलून म्हणे, "अन् हे कोणं बांधलं? माह्या हिरव्या लुगड्याची चिंधी हाय ही."

उतरून पाहिलं. प्लगची वायर लोंबते म्हणून दिवाळीच्या वक्ती मीच ती चिंधीनं गरम नळीजवळ बांधली होती. रबर भाजून त्याले भेग पडली होती. जोर नसला का करंट नीट प्लगात जाई. जोर आला का प्लगात ठिणगी पडाले जड जाई, मंग करंट त्या भेगेतून लोखंडात पळे.

ती घामानं भिजली होती अन् हसून राहिली होती. "सापडला तुमचा चोर. जा, साहेबाले सांगा. त्या बिचाऱ्याले कामावर घ्या म्हणा."

"उद्या सांगतो."

"उद्या कायले? आज कावून नाही?"

मी जुनी वायर सोडाले लागलो. लाज वाटत होती. नवी वायर लावली अन् जुनी चिंधीसकट खिशात घातली.

संध्याकाळी तिले उलट्या अन् जुलाब सुरू झाले. कॅम्पात हैज्याची, पटकीची साथ होती. त्या ड्रायव्हरची बायको पितळी गंजात तांदळाची पेज घेऊन आली, मीठ टाकून. मी दारातच गंज घेतला अन् ती गेल्यावर मागं जाऊन पेज ओतून दिली. जिच्या नवऱ्याचं काम मी घालवलं, ती माह्या बायकोले काय पाजंल, काय भरोसा?

सकाळी बायकोनं विचारलं, "सांगितलं का साहेबाले?"

मी हो म्हटलं. दुपारी ती गेली. पेज पिऊन वाचली असती का, मले ठाऊक नाही. अजूनही नाही.

हैज्याचं मढं म्हणून लोक मागं सरले. तिरडीले तिघंच होतो. चौथ्या खांद्याले तो ड्रायव्हर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकात कोणाच्या दारी जाऊ नये तरी, मी त्याच्या दारी गेलो.

"आत या, भाऊ," त्याची बायको म्हणे.

"सुतक हाय, आत नाही येत." रिकामा गंज तिच्या हातात दिला. "पेज तिनं पेली नाही. मी ओतून दिली."

ती गंज घेऊन आत गेली. मी त्याले संगं घेतलं. गॅरेजपर्यंत पायी गेलो.

वाटेत तो म्हणे, "आता आणखी काय राहिलं माह्यावर घालाचं?"

साहेबाच्या टेबलावर मी वायर ठेवली. म्हटलं, "घासलेट नहीं था साहब. ये था."

"ये किसने बांधा?"

"मैंने."

साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, मंग माह्याकडे. त्याले त्याच दिवशीच्या पाळीवर घेतलं. वायर भंगारात फेकली. चिंधी मी मागून घेतली.