गिरजाबाईंची ओटीवर ऐकू जाणारी प्रार्थना

पेणला गिरजाबाईंच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मंडळीची प्रार्थना भरायची. मंडळी म्हणजे आम्ही दहा-बारा डोकी. मनातलं न सांगताही देवाला कळतं, असं आम्ही सगळे मानतो. तरीही प्रार्थनेला तोंड उघडलं की नाव, गल्ली आणि घराची खूण सांगितल्याशिवाय आमच्यातलं कुणी थांबत नसे. चंद्रावतीबाई म्हणायच्या, प्रभू, काही भगिनींना वेळेवर यायची बुद्धी दे. ती भगिनी शेजारीच डोळे मिटून बसलेली. तिची पाळी आली की ती ज्यांच्या जिभेला हाड नाही त्यांच्यासाठी क्षमा मागायची. मध्ये देव असल्यामुळे उलटून बोलायची कुणाला सोय नव्हती. भांडायची इतकी सभ्य रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

या विद्येत गिरजाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची प्रार्थना वर जायच्या आधी ओटीवर जायची, कारण ओटीवर हैबतराव बसलेले असत.

हैबतराव त्यांचे यजमान. रोहा-पेण एसटीवर कंडक्टर म्हणून त्यांनी उमर काढली. रोह्याला बिऱ्हाड असताना गिरजाबाईंना विषमज्वर झाला आणि इस्पितळातली एक नर्स रोज रात्रपाळी संपवून त्यांच्या खाटेपाशी प्रार्थना करून जायची. बाई बऱ्या झाल्या आणि त्या नर्सच्या मागोमाग ख्रिस्ती देवळात जाऊ लागल्या, ते थेट बाप्तिस्मा घेईपर्यंत. हैबतराव एवढंच म्हणाले, "तुझी तू जा. मला वढू नको." गणपतीत ते जोह्याला भावाकडे जायचे तेव्हा बाईही जायच्या, मोदकांची उकड काढून द्यायच्या आणि आरतीच्या वेळी स्वयंपाकघरात थांबायच्या. धर्मावरून दोघांत कधी ठिणगी पडली नाही. भांडण व्हायचं ते तंबाखूवरून.

बाईंना देवाकडे खरं तर एकच गोष्ट हवी होती. या माणसाने एकदा तरी आत येऊन आपल्याशेजारी बसावं. एवढं मागणं त्यांनी वर्षानुवर्षं सोडलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. पण मागायची तऱ्हा अशी, की प्रभू, ओटीवर एक पाषाणहृदयी माणूस बसला आहे, त्याच्या थुंकीने भिंत रंगली आहे, आणि मागल्या अंगाची कौलं गळतात ती त्याला दिसत नाहीत. असं स्वागत ऐकून कोण आत येईल? प्रार्थना लांबली की बाहेरून हैबतराव म्हणायचे, "डबल बेल द्या आता." आमचे पाळक कमळाकर तेव्हा आणखी घट्ट डोळे मिटायचे.

हळूहळू त्या घरात नवराबायकोचं सरळ बोलणंच संपलं. जे सांगायचं ते बाई शुक्रवारी देवाला सांगायच्या आणि हैबतराव शनिवारी ते करून टाकायचे. कौलं बदलली गेली, की पुढच्या शुक्रवारी बाई उभ्या राहून साक्ष द्यायच्या, की प्रार्थना ऐकली गेली. आम्ही हालेलुया म्हणायचो. ज्याने शिडीवर चढून ती कौलं बदलली तो बाहेर तंबाखूत चुना मळत बसलेला असायचा.

मग रोह्याला उपवास-प्रार्थनेचं शिबिर झालं. बाहेरगावच्या पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं, की स्वर्गाचं दार हळू ठोठावणाऱ्यांचा विश्वास कच्चा. मग काय, गिरजाबाईंनी दार नुसतं ठोठावलं नाही, कडी-कोयंड्यासकट हलवलं. उपाशीपोटी तीन दिवस. परत आल्या तेव्हा घशातून वारा तेवढा निघत होता.

डॉक्टरांनी आत पाहून सांगितलं, की गाठ दिसते आहे. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तेवढ्यात उतरली तर ठीक, नाहीतर मुंबईला दाखवावं लागेल. गाठ हा शब्द ऐकून हैबतराव दवाखान्याच्या पायरीवरच बसले.

मंडळीने मात्र लगेच अर्थ लावले. चंद्रावतीबाईंच्या मते ही परीक्षा होती. पाळकांच्या मते कुठेतरी विश्वास कमी पडला असावा, आणि तो कुठे हे त्यांनी प्रार्थनेतच देवाला सुचवलं. घशाला गरम पाणी कुणी दिलं का, हे विचारायचं आम्हा सगळ्यांचंच राहून गेलं. ते हैबतराव देत होते.

शुक्रवारी बाईंची पाळी आली की बाई ओठ मिटून बसायच्या. पुढे त्यांनी मला सांगितलं, की पहिल्या शुक्रवारी त्यांनी नेहमीची गाऱ्हाणी मनातल्या मनात लावायला घेतली. तंबाखू झाली, भिंत झाली, आणि पुढे काही सुचेना. बाहेर ऐकू जाणार नसलं तर त्या गाऱ्हाण्यांना मीठच लागत नव्हतं. इतकी वर्षं आपण देवाशी बोललोच नाही, हे लक्षात आल्यावर त्यांना भारी लाज वाटली आणि रडू आलं. मग मनाच्या तळाशी राहिलं होतं तेवढंच त्यांनी मागितलं, की मला काही झालं तर या माणसाला दोन वेळा कोण वाढेल, ते तू बघ. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. उत्तर काही आलं नाही, तरी त्या मागत राहिल्या, आणि या खेपेला साक्ष द्यायला आवाजही नव्हता.

बाहेर हैबतरावांचं वेगळंच झालं होतं. आपल्याविषयी आत काय सांगितलं जातंय, हेच त्या माणसाला कळेनासं झालं. शनिवारी करायला काम उरलं नाही. तंबाखू मळायची आणि तशीच टाकून द्यायची. एका शुक्रवारी बाईंच्या पाळीला ते उठून उंबऱ्यात आले आणि तिथूनच म्हणाले, "काय सांगतेस गो त्याला? मला कळू दे की."

आम्ही सगळ्यांनी डोळे उघडले. बाईंनी मान हलवली आणि शेजारची सतरंजी हाताने झटकून दाखवली. हैबतरावांनी तिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि कंडक्टरने सीटच्या कडेला टेकावं तसे सतरंजीच्या काठावर बसले. पाळकांना एवढा हुरूप आला, की आत्मा हरवला होता तो सापडला, असं काहीतरी ते सुरू करणार होते. हैबतरावांनी त्यांना हाताने थांबवलं.

"मला रीत ठाव नाय," ते वर आढ्याकडे बघत म्हणाले. "हिचा आवाज हिला दे. माझ्याविषयी कायबी सांगू दे, मोठ्यानं सांगू दे, समद्या आळीला ऐकू जाऊ दे. पण घर असं मुकं नको ठेवू."

पुढे कसं संपवायचं ते त्यांना माहीत नव्हतं. आम्ही दहा-बारा जण, जन्मभर प्रार्थना केलेले, एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो.

तेव्हा शेजारून एक फाटका, घोगरा आवाज आला. "आमेन," गिरजाबाई म्हणाल्या.

हैबतराव गर्रकन वळले. "गप बस गो," ते ओरडले, "डाक्टर काय बोललाय तुला?"