शेपटीवाली चादर

उरवड्याच्या कंपनीत आम्ही ट्रान्सफॉर्मरचे डबे बनवतो. अमेरिकेतून वस्तू घेऊन परतलेल्यांसाठी. आपली दोनशे तीस व्होल्टची लाईट आत, तिकडची एकशेदहा बाहेर.

एकदा साहेब म्हणाले, "बल्ब लावून किती तपासणार? तिकडची खरी वस्तू आण, दिवसभर चालवून बघू." नववीत शाळा सोडलेल्या माझ्यावर त्यांनी हे सोपवलं याचं केवढं अप्रूप वाटलं. पुण्यातली दुकानं पालथी घातली. एकानं हातच जोडले, "भाऊ, एकशेदहाचं इथं कोण घेतंय? लावलं की धूर." परदेशी पोरं राहतात त्या लवळ्याच्या हॉस्टेलांवरूनही रिकामाच आलो.

माझ्या खोलीची मालकीण, जिला मी मावशी म्हणतो, दारात गवार मोडत होती. माझं तोंड बघून तिनं सगळं काढून घेतलं.

"आरं, मग माज्या लेकीची चादर हाय की! लाईटीवर गरम व्हतीया ती."

लेकीच्या बाळंतपणाला मावशी अमेरिकेत गेली होती. तिथल्या थंडीत लेक ती चादर लावून रोज तिच्या अंगावर घालायची. येताना लेकीनं ती बॅगेत घातली, वर ताकीद : तिकडं लावायची नाही, जळेल. तरी मावशी दर हिवाळ्यात तीच पांघरायची, वायर पायाशी गुंडाळून. तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "हिच्या चादरीला शेपूट हाय."

"जाळशील न्हाई ना?" देताना तिनं विचारलं.

"नाही मावशी," म्हणालो खरं. पण कंपनीत चादर डब्याला जोडल्यावर बटण दाबण्याआधी वायर तीनदा तपासली. या एका चादरीत तिची लेक होती, आणि ती मी मागून आणली होती.

धूर आला नाही. हळूहळू तळव्याला ऊब लागली. हिंगोलीकडं आमच्या घरी पहाटे आई गोधडी चुलीपुढं धरायची आणि गरम झाली की माझ्यावर टाकायची. दोन दिवाळ्या मी तिकडं गेलेलो नाही. मी हात काढलाच नाही. साहेबांना वाटलं, फारच काळजीनं तपासतोय.

संध्याकाळी त्यांनी पोचा पडलेला एक डबा मावशीसाठी दिला. घरी येऊन त्यावर चादर लावली. मावशी तिच्यावर हात फिरवत बसली. मग लेकीला व्हिडिओ कॉल. तिकडं सकाळ होती. लेक ओरडलीच, "आई, काढ ती! पेटेल!"

"गप गं. आपल्या पोरानं तपासलीया," मावशी म्हणाली आणि मला म्हणाली, "ये रं, हितं बस. पाय घाल आत."

पाय आत घेऊन मी आईला फोन लावला. तिनं नेहमीचंच विचारलं, "थंडी आहे का रे तिकडं?"

"आहे ना," म्हणालो. एरवी तिला काळजी नको म्हणून मी नाही म्हणतो.