ओन्नीची पाच मिनिटं

नवऱ्यांना खोलीबाहेर काढण्यात ओन्नीचा हात धरणारं कोणी नव्हतं. "ब्लड काढायचंय, तुम्ही बाहेर बसा," असं गोड हसून सांगायची आणि तो काही बोलायच्या आत दार लावून घ्यायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ओहायोतल्या डब्लिनजवळच्या एका बायकांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांची मदतनीस होते, ती लॅबमध्ये, मूळची कोरियाची. कोरियन बायका थोरल्या बहिणीला ओन्नी म्हणतात. तिथे येणाऱ्या साऱ्या कोरियन बायका तिला तशीच हाक मारायच्या, म्हणून मीही. दार पाच मिनिटं बंद असायचं. रक्त काढायला एक मिनिट पुरायचं. उरलेल्या चारांत ती विचारून घ्यायची, पाळी कधी चुकली, गर्भनिरोधक गोळ्या कोण घेऊ देत नाही, मुलगा हवा म्हणून चौथं बाळंतपण कोणाला हवंय. डॉक्टरांना हे कळायचं नाही, कारण मधे भाषांतराला नवरा बसलेला.

"बॉडी तिची, मग आन्सर तू का देतोस?" हे तिचं ठरलेलं वाक्य. मला ते झोंबायचं. इंग्रजी येत असूनही आपल्या बायका तिथे मान खाली घालून बसायच्या आणि पुण्या-नागपूरचे इंजिनीअर त्यांच्या पाळीच्या तारखा सांगायचे.

एका कोरियन लाँड्रीवाल्याची तरुण बायको तिसऱ्यांदा तेच इन्फेक्शन घेऊन आली. लग्नाला चार वर्षं, मूल नाही, सासू सोलहून पत्रांतून टोचत होती. डॉक्टरांनी नवऱ्याला चांगली दोन मिनिटं समजावलं. हा आजार शरीरसंबंधांतून होतो, औषध दोघांनी घ्यायचं, तोवर जवळ यायचं नाही, नाहीतर मूल होणं कठीण. त्याने बायकोकडे वळून तीन-चार शब्द टाकले. तिने मान डोलावली. मी शेजारीच उभी होते.

लॅबमध्ये ओन्नीने विचारल्यावर कळलं, तो म्हणाला होता, "गोळ्या घे, आराम कर." मग ओन्नीने तिला सगळं सांगितलं, आजार कोणाकडून आला तेही. "म्हणजे दोष माझा नाही?" एवढंच तिने विचारलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची तक्रार आली. लॅबवालीने पेशंटला आजार सांगायचा नाही, असा नियम होता. त्याने बायकोला नीट सांगितलंच नव्हतं, असं ओन्नीचं म्हणणं; ते खरं का, असं मॅनेजरने मला विचारलं. दोन मिनिटांचे चार शब्द झाले, हे सांगायला भाषा लागत नव्हती. मी म्हणाले, "मला कोरियन येत नाही."

नोकरी गेली तर ग्रीन कार्ड अडकेल, ही भीती होती. हे कारण मी पुष्कळांना सांगितलंय, आणि दरवेळी माझाच मला संताप आलाय.

ओन्नीला त्याच दिवशी काढलं. जाताना एप्रन घडी करत ती शांतपणे म्हणाली, "तुला सगळं समजलं होतं."

पंधरा दिवसांनी ती लाँड्रीवाल्याची बायको आली. एकटी. सरळ लॅबच्या खुर्चीत बसली, बाही वर केली आणि दार लागायची वाट बघू लागली. नव्या मुलीने कागद चाळले, कसलीच टेस्ट लिहिलेली नाही म्हणाली, आणि तिला परत पाठवलं.