द्राक्षाच्या मळ्यात दहीभात

दोस्तहो, यवतमाळहून मोटारसायकलवर निघालेला मी आज नाशिकला एका वायनरीत टेकलो. हातात ग्लास, समोर वेली, जीव निवांत.

मागून आवाज आला, "अवं, हे द्राक्षाची वेल होय, पराटी नोहे!"

आपली बोली! वळलो. एक मजूर बाई वेलीच्या बुडाशी दहीभात ठेवत होती, कापूस वेचण्याआधी आपण पराटीपाशी ठेवतो तसा. दुसरी तिला हसत होती.

"कोनतं गाव, माय?"

"केळापूर," दहीभात ठेवणारी म्हणाली. "भाऊ, बोंडं फुटली का तिकडं? पीक साधलं तं आमी वापस जातो."

येताना शेतोशेती बोंडअळी पाहिली होती. पण तोंडातून निघालं, "फुटली ना, पांढरीशुभ्र!"

"पाह्य, म्या म्हनलं होतं नं! बोचकं बांधाले घे," ती जोडीदारणीला म्हणाली.

फाटकाशी गाडी लावून हे लिहितोय. आत जाऊन खरं सांगू का?