दार ओलांडल्यावर किती मिनिटांनी

प्रश्नवाल्या मावशींचं शिक्षण बेताचं, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायला भलतंच धाडस लागायचं. दवाखान्यात तरुण पोरापोरींचं निकोटिनचं व्यसन मोजायच्या कामावर त्यांना चार वर्षं झाली होती. हातात सहा प्रश्नांचा कागद आणि चेहरा इतका कोरा, की समोरच्याने दोन सिगरेटी सांगितल्या काय किंवा वीस, भुवई म्हणून हलायची नाही. बाई कामाला चोख, एवढंच तिथल्या तरुण डॉक्टरांचं त्यांच्याबद्दलचं मत होतं.

त्या सकाळी छापखान्यात कागद कापणारी एक बावीस वर्षांची मुलगी आली. तीनदा सिगरेट सोडून तीनदा तोंडघशी पडलेली. आता छापखान्याचा जिना चढतानाही तिला दम लागायचा. सिगरेट सोडवणाऱ्या गटात एकच जागा उरली होती आणि यादी दुपारी बंद होणार होती. गटात यायला व्यसनाचा आकडा निदान चार लागे. तिचा आला एक.

"दिवसाला सहा. पहिली, उठल्यावर दीड तासाने," डॉक्टरांनी कागद वाचला. "हलकं आहे गं तुझं. मनावर घे, सुटेल."

"तेच तर जमत नाही ना, सर." मुलीचा चेहरा पडला. पिशवी उचलून ती दाराकडे निघाली.

"थांब गं बाळा." मावशींनी चार वर्षांत पहिल्यांदाच कागद पालथा घातला. "घरी कोण असतं?"

"मी आणि बाबा. एकच खोली आहे."

"मग दार ओलांडल्यावर किती मिनिटांनी पेटवतेस?"

"कोपरा वळले की लगेच. दोन मिनिटं."

"आणि बाबा बाहेरगावी गेले की?"

मुलीने पिशवी खाली ठेवली. "डोळे नीट उघडायच्या आधीच."

डॉक्टर थक्क झाले. गठ्ठेच्या गठ्ठे कागद भरून झाले होते, आणि उठणं आणि पेटवणं यांच्या मध्ये एक अख्खा बाप उभा असू शकतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांनी एकात उठल्या उठल्या पेटवण्याचे तीन गुण मिळवले. चार. मुलीचं नाव यादीत चढलं.

"मावशी, हे सुचलं कसं तुम्हाला?" मुलगी गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"सुचतंय कसलं, डॉक्टर. अकरा वर्षं ओढत होते मी. सासूबाई दुपारी शेजारी गेल्या की न्हाणीघरात उभी राहून, एकच. त्या एका सिगरेटसाठी सकाळपासून घड्याळाकडे डोळे. सासूबाई वारल्या त्या दिवशी रडता रडता माझ्या मनात पहिलं काय आलं, ते नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुमच्या कागदावर मी शून्य भरले असते."

एका अनोळखी पोरीच्या जागेसाठी बाईंनी जन्मभर दाबून ठेवलेलं सगळं टेबलावर काढून ठेवलं होतं. डॉक्टरांना त्यांच्यासमोर बसून राहणंही जड जाऊ लागलं. ते उठून उभे राहिले.

"अशा किती जणांना मी परत पाठवलं असेल?"

"त्रेसष्ट," मावशी म्हणाल्या. "मोजलेत मी."

"मग आधी का नाही बोललात?"

मावशींचा तो कोरा चेहरा पहिल्यांदा हलला.

"आधी माझं सांगावं लागलं असतं ना, डॉक्टर."