खुंटीवरचा दुपट्टा

ज्या माणसाने मला ‘कामगारांना स्वतःचं स्वतः ठरवू द्या’ हे शिकवलं, त्याचे बूट मला अजून आठवतात. इतके चकचकीत बूट घालून चंद्रपूरकडे, कोरपन्याच्या बाजूला कोणी येत नाही. इथली काळी माती आणि सिमेंटची धूळ मिळून कुठल्याही बुटाचा आठवड्यात निकाल लावतात. कंपनीने ट्रेनिंगसाठी बोलावलेला तो चारच दिवस होता. गेस्ट हाउसात एसी लावून त्याने आम्हा बारा इंजिनियरांना सांगितलं, गँगला हुकूम सोडू नका, काम गँगने ठरवायचं, तुम्ही फक्त मदत करा. उंटावरचा शहाणा! पुढे कित्येक वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. खरं तर तो बरोबर बोलत होता. वाट लावली ती मी.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. सिमेंटच्या कारखान्यात चुनखडी दळायची एक अजस्र मिल असते, तिच्या दुरुस्तीवर मी होतो. माझ्याकडे सहा जणांची गँग. पाच जण आसपासच्या खेड्यांतले, घरी कपाशी आणि सोयाबीन. सहावे चंद्रपूर शहरातले मुसलमान मिस्त्री, गँगमध्ये सगळ्यात वडील. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांचे वडील कुलपं दुरुस्त करायचे, आणि हे मिलच्या अंगाला कान लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे. त्यांना दमा होता. जड काम त्यांच्याने होत नसे आणि गँग त्यांना ते करूही देत नसे. कोणी आत उतरायचं, कोणी बाहेर थांबायचं, कोणाचं आज लक्ष कामात नाही, हे चाचा बघायचे.

या गँगचा एक रिवाज होता. मिलच्या पोटात उतरताना प्रत्येकाने खांद्यावरचा दुपट्टा दाराजवळच्या लोखंडी खुंटीवर टांगायचा. बाहेर आला की ज्याचा त्याने काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. खुंटी रिकामी झाल्याशिवाय दार लावायचं नाही आणि परमिटच्या कागदावर सही करायची नाही. ती सही नसेल तर कंट्रोल रूम मिल सुरू करत नसे. फार पूर्वी एकदा माणूस आत असताना दार लागलं होतं. तो वाचला, आणि त्यानंतर हे गँगनेच ठरवलं होतं. कंपनीच्या कुठल्या नियमांत ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून माझ्या लेखी त्याला किंमत नव्हती.

मी भिंतीवर एक फळा लावला. रोज सकाळी फळ्यासमोर सगळ्यांनी दहा मिनिटं उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे ज्याने त्याने आपापल्या नावापुढे लिहायचं. ‘तुम्ही ठरवा’ असं मी रोज म्हणायचो. कोणी काही ठरवलं की मी म्हणायचो, ‘ठीक आहे, पण असं केलं तर?’ आणि माझंच पुढे रेटायचो. पंधरा दिवसांत गँग मूग गिळून गप्प बसायला शिकली. जी माणसं पूर्वी मला न विचारता अख्खा रोलर बदलायची, ती आता नट पिळायलाही विचारू लागली, ‘साहेब, पिळू का?’ मला वाटलं, शिस्त आली. माझ्यासारखा गाढव मीच.

चाचा फळ्यावर खरं तेच लिहायचे. ‘पाहिलं.’ ‘ऐकलं.’ ‘थांबवलं.’ आमचे मोठे साहेब एकदा फळ्यासमोर उभे राहिले आणि हसले.

“हा माणूस ऐकायचा पगार घेतो का?”

पॅकिंगमध्ये, म्हणजे पोती भरायच्या जागी, त्यांना एक माणूस हवा होता. तिथली हवा पांढरी असते. धडधाकट माणूसही तिथून खोकत बाहेर येतो. साहेब म्हणाले, “तुमची गँग स्वतः ठरवते ना? मग ठरवू दे त्यांनाच, जास्तीचा कोण ते.” त्या माणसाला दमा आहे, हे चार शब्द मला तेव्हा बोलता आले असते. पण माझं प्रमोशन तोंडावर होतं आणि फळ्याचा प्रयोग यशस्वी दिसायला हवा होता.

मी चिठ्ठ्या वाटल्या. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या अक्षरांत एकच लिहिलं होतं, ‘कोणी नाई’. सहाव्या चिठ्ठीवर चाचांचं नाव होतं. अक्षर चाचांचंच होतं, फळ्यावर रोज बघत होतो मी. पाच चिठ्ठ्या मी पाकिटात घातल्या आणि सहावी अहवालाला टाचली. वर लिहिलं, ‘गटाच्या निर्णयानुसार’. असा नीच मी त्याआधी कधी झालो नव्हतो, आणि तेव्हा मला तसं वाटलंसुद्धा नाही.

आठवड्यात बदलीचा कागद आला. त्या दिवशी मिल उघडलेली होती आणि चाचा आत होते. ‘दोन मिनिटं येऊन जा’ असा निरोप पाठवून मी त्यांना मधूनच ऑफिसात बोलावलं, ‘गटाच्या निर्णयानुसार’ लिहिलेला कागद हातात दिला आणि तिथूनच पॅकिंगला पाठवलं. गँगसमोर निरोपानिरोपी नको होती मला.

दुपारी चारला काम संपलं. पाच जण बाहेर आले, त्यांनी आपापले दुपट्टे काढले. खुंटीवर एक राहिला, हिरव्या चौकड्यांचा. मी परमिट पुढे केलं. त्यांच्यात एक बोलका फिटर होता, त्याने हात मागे घेतला.

“सही कशी करू, साहेब? खुंटीवर दुपट्टा हाये.”

“अरे, चाचांचा आहे तो. ते पॅकिंगला गेले.”

“कोण कुठी गेला आमाले काय माहीत? आमाले कोणी सांगतलं? दुपट्टा हाये म्हंजे माणूस आत हाये.”

मी खुंटीकडे हात नेला. पाचही जण पुढे आले. शिवी नाही, धक्का नाही, नुसते खुंटीपुढे उभे राहिले.

“हात नका लावू. ज्याचा त्यानं काढाचा.”

“मिल बंद ठेवली म्हणून चार्जशीट मिळेल. एकेकाला.”

“द्या. पाचही जणाले द्या.”

“कोणी ठरवलं हे?”

“आमीच. तुमीच तं रोज म्हणून राह्यले, तुमी ठरवा म्हणून.”

कंट्रोल रूमचा फोन सारखा वाजत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मुकाट्याने पॅकिंगला गेलो. चाचा पोत्यांच्या पट्ट्याजवळ उभे होते. तोंडाला बांधायला दुपट्टाच नव्हता, म्हणून सदऱ्याची बाही नाकावर धरली होती. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ‘चला,’ म्हटलं तर का म्हणून विचारलं नाही. मिलपर्यंतच्या वाटेत ते दम खायला दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा मी घड्याळ पाहिलं.

खुंटीपाशी येऊन ते गँगवर चिडले. “काऊन अडवून राह्यले रे? मिलनं काय बिघडवलं तुमचं? तुमीच तं काढलं मले.”

“आमी?” बोलका फिटर ओरडला. “आमी पाची जणानं लिवलं, कोणी नाई म्हणून!”

“कोणी नाई?” चाचा थांबले. “मी माह्यं लिवलं होतं. म्हटलं, तुमची लेकरं लहान हायेत, कोणी तरी जाणारच, तं मी जातो.”

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठ्या अजून माझ्या पाकिटात होत्या. मी म्हणालो, “उशीर होतोय, मिल सुरू करा.”

चाचांनी दुपट्टा काढला, झटकला, तोंडाला बांधला. “सही कर रे,” फिटरला म्हणाले आणि आले तसे पॅकिंगकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी फळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता. तेव्हापासून गँगने मला काही विचारलं नाही. सकाळी ते मिलजवळ घोळका करायचे, मी गेलो की गप्प व्हायचे, मी वळलो की कामाला लागायचे. काम चोख. मी अहवालात लिहिलं, ‘या गटाला आता पर्यवेक्षकाची गरज उरलेली नाही.’ अख्ख्या अहवालात तेवढं एकच वाक्य खरं होतं. मला प्रमोशन मिळालं. मोठ्या साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. पाच चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या असत्या तर चाचा परत आले असते. मी ठेवल्या नाहीत. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्यांनी पॅकिंगमध्येच काढली.

त्यांचा निरोपसमारंभ गँगने मिलच्या दाराशी केला. पेढे अख्ख्या कारखान्यात वाटले, कंट्रोल रूमपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत. माझ्या टेबलाशी आले नाहीत. ते त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.