व्याह्यांनी मोजलेल्या पाट्या

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका निवडणुकीतलं सगळं कळणारा आणि माणसांतलं काही न कळणारा माणूस उभ्या अमेरिकेत दुसरा नसेल. अ‍ॅशबर्नला मुलीकडे ते आणि मी, दोघंही नातीला सांभाळायला राहत होतो, त्यामुळे त्यांचं व्याख्यान सकाळच्या चहापासून मलाच ऐकावं लागे. गावी ते तहसील कचेरीत कारकून होते. जन्मभर मतपेट्या घेऊन परक्या गावांत ड्युटीवर गेले, हजारो लोकांकडून मतदान करून घेतलं आणि स्वतः एकदाही केलं नाही. हे त्यांचं दुःख मला तोंडपाठ झालं होतं.

इथे एका पक्षाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव. आमची काउंटी, आपल्याकडचा जिल्हाच, म्हणजे घोड्यांची कुरणं, मक्याची शेतं आणि पिढ्यान्‌पिढ्या हत्ती. निवडणूक आली की लोक अंगणात आपल्या उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. रविवारी जावई गाडी चालवायचे आणि व्याही वही घेऊन पाट्या मोजायचे. एकदा एका गोठ्यापाशी उतरून त्यांनी मोडक्या इंग्रजीत शेतकऱ्यालाच विचारलं, "तुमच्या वाडीचा पुढारी कोण? त्याचं मत सांगा, बाकीचे मी धरतो." "बाबा, प्लीज, गाडीत बसा," जावई कळवळले. २००४ साली व्याह्यांचा अंदाज बरोबर आला, मग तर घरात बोलायची सोय राहिली नाही.

पुढच्या चार वर्षांत कितीतरी शेतं गेली आणि तिथे आमच्यासारख्यांच्या कॉलन्या उभ्या राहिल्या. वहीत मात्र हत्तीच पुढे. मी विचारलं, "आपल्या कॉलनीत पाट्या किती?"

"एकही नाही. लावायच्या नाहीत असा कॉलनीचा नियमच आहे."

"मग इथली माणसं कुठे धरलीत?"

"विहीणबाई, चौथी शिकलेल्यांनी अंदाज करू नयेत."

असा हा माणूस! त्याच वर्षी ते इथले नागरिक झाले. यादीत नाव सापडेल की नाही या धास्तीने आठवडाभर जेवण गेलं नाही. मतदानाच्या सकाळी कोट चढवून शाळेत निघाले, सोबत मी. रांगेत पुढेमागे आमचीच कॉलनी: शेजारचा तेलुगू इंजिनिअर, कोपऱ्यावरची नर्सबाई, सगळे कामाआधी आलेले. व्याही एकेकाचं तोंड बघत बोटांवर मोजू लागले. टेबलावरच्या बाईने यादीवरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा वरून सुरुवात केली. मला टेबलाशेजारी खुर्ची दिली होती, तिची पाठ व्याह्यांनी घट्ट धरली. नाव निघालं. मग आत एवढा वेळ लावला की ती बाई दोनदा विचारून आली, मदत हवी का. बाहेर आल्यावर म्हणाले, "मत कसं द्यायचं ते दुसऱ्याला समजावणं सोपं होतं हो."

दुसऱ्या दिवशी कळलं, काउंटी गाढवाकडे गेली. मी तयारच होते. "व्याही, सपशेल चुकलात."

"चुकलो," ते हसत म्हणाले. "सगळा गाव मोजला. मी स्वतः त्यात आहे हेच लक्षात आलं नाही."

पुढचं टोचून बोलणं मी गिळलं. आता ते नाहीत. आपली चूक निघाल्यावर इतका खूश झालेला माणूस मला पुन्हा भेटला नाही.